अकरा दिवसांची काच

प्रिय वहीवाली,

पाकिटावरचं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असणार. पडू दे. माझं अक्षर पहिल्यापासून असंच, जिन्यावरून धडाधडा उतरल्यासारखं. तुझ्या वह्या मी उतरवून घ्यायचो तेव्हा तू म्हणायचीस, परीक्षकाला सोबत एक दुभाषी पाठव. आज जमेल तेवढं सावकाश लिहितो आहे. मधेच ओळी वर चढल्या तर समज, डोकं तापलं होतं. दोन वर्षांत तुला पाच पत्रं लिहिली आणि पाचही फाडली. त्यांत कविता होत्या, सुटलीस. ह्या पत्रात कविता नाही. भट्टी आहे, युनियन आहे, आणि तू मला विचारलेला एक प्रश्न आहे.

तो दिवस तुला आठवत असेलच, पण मला तो माझ्या बाजूने सांगू दे. प्रयोगशाळेच्या मागच्या पायऱ्यांवर आपण बसलो होतो. माझ्या हातात शंकुपात्र होतं, त्याच्या बुडावर आमच्या गावच्या काचभट्टीचा शिक्का. मी ते उन्हात धरून तुला म्हटलं, हे आमच्याकडचं. तुझे बाबाही भट्टीत कामाला आहेत एवढं तू सांगितलं होतंस. काय काम करतात, हे मी विचारलंही नाही. मला बोलायचं होतं, ऐकायचं कुठे होतं! मग मी सुरू झालो. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, नळी युनियनचे सेक्रेटरी. लोखंडी नळीने तापलेली काच फुंकायची, आणि एका नळीला तिघांची तोंडं लागायची, एकाची थुंकी दुसऱ्याच्या पोटात. अण्णांनी लढून प्रत्येकाला आपापली पितळी तोंडी मिळवून दिली. नळीच्या टोकाला घालायची, फुंकायचं, काढून खिशात ठेवायची. युनियनच्या कचेरीत त्या विजयाचा फोटो आहे, अण्णांच्या गळ्यात एवढा मोठा हार. मी पार रंगात आलो होतो. तू सगळं ऐकलंस आणि एवढंच विचारलंस, "कोणत्या साली?" मी म्हटलं, मी दोन वर्षांचा होतो त्या साली. तू माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस. मग वही पिशवीत टाकलीस आणि गेलीस. त्यानंतर माझ्याशी बोलली नाहीस.

मला वाटलं, थुंकी-बिंकी म्हणालो त्याची किळस आली असेल. मग वाटलं, फार फुशारकी झाली. मग वाटलं, तुझं दुसरीकडे कुठे जमलंय. ह्या तिसऱ्या विचाराने डोकं फिरलं ते फिरलंच. आठवड्याभरात माझ्या हातून प्रयोगशाळेत दोन चंबू फुटले. तिथले सर म्हणाले, घरचीच काच आहे ना, आणा भरून. सर हसत होते, बाकीचेही हसले. तू मात्र खाली मान घालून निरीक्षणं लिहीत होतीस. मी जे बोललो ते सगळ्या वर्गाने ऐकलं. माफी माग म्हणाले, मी दप्तर उचललं. माझ्या शिक्षणाची एवढीच हकिकत. घरी आई रडली. अण्णा म्हणाले, बरं झालं, पोटापाण्याला लाग. दुसऱ्या महिन्यात मी भट्टीत.

भट्टीत लागल्यावर पहिली गंमत ही दिसली की जात कुणी विचारत नाही. दोन वर्षांत एकदाही नाही. विचारतात, "कोणत्या युनियनचा?" न्हावी विचारतो, खोली भाड्याने देणारा विचारतो, लग्नाचं स्थळ घेऊन येणारे तर हेच आधी विचारतात. नळी युनियन म्हटलं की खुर्ची पुढे सरकते. यार्ड युनियन म्हटलं की माणूस म्हणतो, हां हां, चांगलं आहे, आणि खोली कालच दिलेली असते. यार्डात फुटकी काच येते, ती निवडायची, धुवायची, चुरा करायचा, मग तो भट्टीत जातो. ते काम पिढ्यान्‌पिढ्या तुमच्या लोकांकडे, नळी आमच्या लोकांकडे. आता नळीवरही तुमच्यातले वीस-बावीस जण आहेत, पण ते नळीवर असूनही यार्ड युनियनमध्ये. मी विचारलं, असं का? आमच्याकडचे म्हणाले, त्यांना पुढारी व्हायचं होतं म्हणून फुटले. कँटीनमध्ये कुठे पाटी नाही, तरी खिडकीकडची टेबलं आमची आणि मोरीकडची त्यांची. मी एकदा मोरीकडे जाऊन बसलो तर सगळे चमचे थांबले. शेवटी त्यांच्यातलाच एक म्हातारा म्हणाला, "काय रे, रस्ता चुकलास का? सेक्रेटरीसाहेबांचा पोरगा ना तू?" मोठा हशा झाला. मीही हसलो, पण कान लाल झालेले.

आता एक कबुली. फोरमनने विचारलं, कोणत्या उस्तादाच्या हाताखाली जातोस? मी तुझ्या बाबांचं नाव घेतलं. काम शिकायचं म्हणून नव्हे, तुला कळलंच असेल कशासाठी. फोरमनने ते नाव पुन्हा विचारून घेतलं. आमच्यातला एकही पोरगा त्यांच्या हाताखाली कधी गेला नव्हता. दुपारपर्यंत सगळ्या भट्टीला कारण ठाऊक झालं होतं. ते कारण सोडून मला अजूनही एकच गोष्ट पटते, की मी सगळ्यांत चांगला उस्ताद निवडला. त्यांना इथे एकफुंके म्हणतात, तुला माहीत असेल. साच्यात तापल्या काचेचा गोळा सोडला की एकाच श्वासात चंबू, पोटाची जाडी सगळीकडे सारखी, जणू काच त्यांच्या ओळखीची आहे. मी भट्टीतून नळीवर गोळा काढायचा, पहिली छोटी फुंक मारायची, माझी तोंडी काढायची आणि नळी त्यांच्या हातात द्यायची. ते त्यांची तोंडी चढवतात आणि पुढचं करतात. सहा महिने माझ्याशी कामापलीकडे एक शब्द बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "फुंकतोस की कुणावर ओरडतोस?"

गेल्या महिन्यात बातमी आली की कंपनी फुंकायचं यंत्र आणते आहे. नळीवरच्या साठांतले चाळीस जण घरी. साहेब म्हणाले, बोलणी करायची तर एकाच युनियनशी करू, दोघांशी नाही. यार्ड युनियनचं पत्र आलं, आपण एक होऊ. त्यावर येत्या शनिवारी आमच्या युनियनची सर्वसाधारण सभा आहे. अण्णांचा विरोध आहे. ते म्हणाले, गेले ते स्वतःच्या पायांनी गेले, आता अडचण आली म्हणून दार ठोठावतात. आणि मला म्हणाले, तू शिकलेला आहेस, जुनी इतिवृत्तं वाच आणि हे का फुटले त्याचं एक टिपण काढून दे. सभेत वाचू. मी खूश. अण्णांनी माझ्या शिक्षणाचं नाव घेतल्याला दोन वर्षं झाली होती.

कचेरीच्या माळ्यावर इतिवृत्तांच्या वह्या आहेत, वाळवीच्या तोंडातून उरलेल्या. त्या वर्षाची वही मी आधी तोंडीच्या विजयासाठीच उघडली, खरं सांगतो. ठराव सापडला, महिन्याच्या चौदा तारखेचा. "आरोग्याच्या कारणास्तव प्रत्येक कामगारास स्वतंत्र तोंडी मिळावी." खाली अण्णांची सही, ठसठशीत. अण्णा नेहमी सांगतात की एक डॉक्टर आले, त्यांनी क्षयाचा धोका सांगितला, म्हणून मागणी झाली. डॉक्टरांचं पत्रही सापडलं, पण ते ठरावानंतर चार महिन्यांचं. मला जरा मजा वाटायला लागली, गणितात उत्तर आधी आणि रीत नंतर सापडावी तसं. पुढे वाचलं. तोंडी चढवायला-काढायला वेळ लागतो, काच तेवढ्यात गार होते, त्यामुळे तासाला सहा चंबू कमी होऊ लागले. आणि आमच्या लोकांना मजुरी नगावर! एका चंबूसाठी फोरमनची गचांडी धरणारी ही माणसं. सहा चंबू गेले तरी वहीत तक्रारीची एक ओळ नाही. असं काय होतं त्या पितळेत, की सगळ्यांनी गुमान सोसलं? चाळीस वर्षं एकमेकांची थुंकी गिळली, तेव्हा कुणाला आरोग्य आठवलं नव्हतं. मी पानं मागे उलटली. त्याच महिन्याच्या तीन तारखेला कंपनीची नोटीस चिकटवलेली होती. यार्डातले चार कामगार नळीवर बढती देऊन घेतले आहेत. भट्टीच्या इतिहासात पहिल्यांदाच. चारांत पहिलं नाव तुझ्या बाबांचं.

तीन तारीख आणि चौदा तारीख. मधे अकरा दिवस.

मी घरी गेलो. आई चादरींच्या घड्या करत होती, दुसरं टोक धरत मी सहज विचारल्यासारखं विचारलं, अण्णा नळीवर होते तेव्हाचं काही आठवतं का? आई म्हणाली, "आठवायचंय काय, घामाचे कपडे धुवून हात गेले माझे." मग थोड्या वेळाने आपणहून म्हणाली, "एकदा मात्र आठ-दहा दिवस कामावरून आले की तीन-तीनदा चुळा भरायचे. साबणाने ओठ धुवायचे. मला वाटलं, भट्टीत कसली नवी भुकटी आली असेल." आणि चादरीचं टोक माझ्या हातातून घेऊन ती कपाटाकडे गेली. माझ्या हातात काहीच नव्हतं, तरी मी हात तसेच धरून उभा.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तुझ्या बाबांना थेट विचारलं. अकरा दिवस काय चाललं होतं? त्यांनी डबा बंद केला. म्हणाले, "तुला कोणी सांगितलं अकरा?" मी म्हटलं, वहीने. तेव्हा ते बोलले, आणि असे बोलले की जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगताहेत. ते गोळा काढायला लागले, आज मी उभा राहतो तिथेच. वरचा उस्ताद होते आमचे अण्णा. "पहिल्या दिवशी गोळा काढला, फुंक मारली, नळी पुढे केली. तुझा बाप हात पुढे करेना. दुसरीकडे बघत उभा. मी नळी फिरवत राहिलो. काच थांबत नाही रे. ती मधासारखी खाली यायला लागली, लांबली, आणि पडली फरशीवर. मला वाटलं, माझंच चुकलं. दुसरा गोळा काढला. तोही पडला. दिवसभर पडतच राहिला. अधूनमधून दुसऱ्याकडून नळी घ्यायचा, पण नळ्या सगळ्या सामाईक, त्यातली कोणती माझ्या तोंडची ते त्यालाही कळायचं नाही." अकरा दिवस. आणि रोज संध्याकाळी फोरमनच्या कागदावर शेरा, नवीन कामगाराचा हात कच्चा. तो कागदही माळ्यावर आहे, मी पाहिला. मग ठराव झाला, लगोलग तोंड्या आल्या, आणि अण्णांनी हात पुढे केला. तुझे बाबा म्हणाले, "मला इतका आनंद झाला त्या दिवशी! म्हटलं, चला, घेतली नळी. घरी गेल्यावर खिशातून तोंडी काढून बघत बसलो, तेव्हा कळलं, कशाच्या आड घेतली." मग सत्काराची सभा झाली. हार घालताना सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या होत्या. हे चौघं उठून बाहेर गेले. आमच्या वहीत त्या दिवशीची ओळ अशी आहे: "काही व्यक्ती वैयक्तिक महत्त्वाकांक्षेपोटी सभात्याग करून गेल्या."

आता मला तुझा प्रश्न कळला. साल तुला माहीतच होतं, तुझ्या घरात ते कुणी विसरू शकत नव्हतं. ते साल उच्चारताना माझ्या तोंडावर काही हलतं का, ते तू बघत होतीस. काहीच हललं नाही. ज्याने ते घडवलं त्याच्याच घरात वाढलेला मुलगा आणि त्याला पत्ताच नाही! तुला ह्याचा राग आला की कीव, हे मला अजून कळलेलं नाही. सांगितलंस तर ऐकेन.

पण एक गोष्ट मला राहून राहून खुपते आणि ती तुझ्याशिवाय कुणाशी बोलता येत नाही. मागणी चांगलीच होती. क्षय खरंच कमी झाला, त्याचे आकडे आहेत. मी हे तुझ्या बाबांनाही म्हटलं, जरा घाबरतच. ते म्हणाले, "चांगलीच होती. मी रोज वापरतो. माझी छाती धड आहे ती तिच्यामुळेच." मग? "मग काय? औषध चांगलं होतं. पण ते आम्हालाच रोग समजून आणलेलं होतं." हे वाक्य मी गोळे काढता काढता रोज उलटसुलट करून बघतो. चांगली गोष्ट वाईट कारणाने झाली तर तिचं काय करायचं? पुसायची, की मिरवायची, की तशीच ठेवून फक्त तिच्याखालची तारीख वाचून दाखवायची? माझं डोकं तापट आहे, पण ह्या प्रश्नावर ते तापत नाही. नुसतं भिरभिरतं.

अण्णांच्या पुढ्यात मात्र तापलं. टिपण लिहिलं, एकच पान, त्यात दोन तारखा, फोरमनचा कागद, डॉक्टरांच्या पत्राची तारीख, आपल्याकडून एक विशेषण नाही. ते त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. म्हणाले, "मागणी चुकीची होती का?" मी म्हटलं, नाही. "मग?" मी म्हटलं, अकरा दिवस काच जमिनीवर का पडत होती? त्यांनी पानाची घडी घातली आणि पुन्हा उघडली. मला एक क्षण वाटलं, आता सांगतील. सांगायला तोंड उघडलंही होतं. मग चष्मा काढला आणि म्हणाले, "त्या एकफुंक्याची पोरगी सांगते का तुला हे सगळं?" मी जे बोललो ते इथे लिहीत नाही, तू तेवढा अंदाज करशील. ते एवढंच म्हणाले, "सभेत वाचलंस तर सगळे हेच म्हणतील. पोरीसाठी बाप विकला." आणि अण्णा कामगारांची नाडी ओळखतात, हे मला नाकारता येत नाही. त्या दिवसापासून मी मित्राच्या खोलीवर राहतो. आई डबा पाठवते, त्यात चिठ्ठी नसते.

मग मी रागाच्या भरात यार्ड युनियनच्या कचेरीत गेलो आणि म्हटलं, मला तुमच्यात घ्या. टाळ्या पडल्या, खुर्ची आली. तेवढ्यात तुझे बाबा आत आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ऊठ. आम्हाला तू नकोयस. तुझ्याच युनियनला तुझी जास्त गरज आहे." बाहेर आणून मला म्हणाले, "वाचायचं तर तिथे वाच. आमच्यावर उपकार म्हणून वाचू नकोस, चाळीस घरं बसताहेत म्हणून वाच, त्यात तुमचीही आहेत. आणि एक ऐक. त्या सभेत माझ्या पोरीचं नाव निघालं तर ते मला चालणार नाही." मी म्हटलं, निघणार नाही. आणि शब्द देऊन बसल्यावर कळलं की तो पाळणं माझ्या हातात नाही.

म्हणून हे पत्र. शनिवारी मी ते पान वाचणार, हे ठरलं आहे. त्याबद्दल तुझी परवानगी मागत नाही, ती तुझ्या बाबांनी दिली आहे. पण वाचून झाल्यावर मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणणार, पोरीसाठी चाललंय. तेव्हा मला उभं राहून म्हणता यायला हवं की नाही, तिने मला नकार दिला आहे, लेखी. मग त्या दोन तारखा उरतील, आणि त्यांना उत्तर द्यावं लागेल. खोटं बोलायला मला जमत नाही, तोंडावर दिसतं, निदान आता दिसतं. तेव्हा शुक्रवारच्या टपालाने पोचेल असा एक कागद पाठव. एकच ओळ पुरे, नाही म्हणून. मनापासून लिही, माझ्यावर दया म्हणून नको. मलाही एकदा कळू दे की तुझ्याकडून काही मिळायचं नसतानाही मी ते पान वाचतो की नाही. जे मिळेल ते मी खिशात घालून सभेत जाईन. आणि 'नाही' हा शब्द लिहायला हात धजला नाही, तर कृपा करून ह्या आठवड्यात काहीच लिहू नकोस. रविवारनंतर लिही.

शनिवार संध्याकाळपर्यंत कुणाचाच नसलेला, एरवी तुझाच,
तापट